राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी

बाबा गेल्यावरच्या महिन्याच्या मिस्सेला आलो तो चार दिवस गावातच राहिलो. कारणं दोन. चर्चच्या पत्रिकेला बाबांवर दोन पानं लिहून द्यायची होती, हे एक. दुसरं कारण पिशवीत होतं. त्याचं नंतर.

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. ताई तिच्या सासरच्या ओटीवर बसून वाळलेल्या झावळ्या निवडत होती. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या, वर्षभर तसबिरीमागे खोचून ठेवलेल्या. आसपासच्या पाचसात घरांतल्याही तिनं गोळा केल्या होत्या. त्या चर्चमध्ये नेऊन द्यायच्या. तिथं त्या जाळतात, आणि तीच राख कपाळावर लागते. हे गोळा करायचं काम आजवर बाबांचं होतं.

"वाच," ती म्हणाली. "पण मध्येच थांबवलं तर चिडायचं नाही."

मी वाचायला लागलो. "प्रेमळ, धर्मपरायण आणि कष्टाळू शेतकरी..."

"थांब."

"पहिल्याच ओळीला?"

"हेच तीन शब्द मागच्या अंकात त्या माणसालाही होते, ज्यानं बावखल बुजवून चाळ बांधली. मेल्यावर आपल्याकडं सगळेच धर्मपरायण होतात. बाबांना त्या रांगेत उभं करू नकोस."

बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या वाड्यांमधलं हे पावसाच्या पाण्याचं उथळ तळं. समुद्र जवळ, जमिनीखाली खारं पाणी, आणि त्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत असतो. बावखलात साठलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि तो थर टिकवून धरतो. आमच्या वाडीच्या कोपऱ्यात अजून एक आहे. बिल्डरनं त्याच्यासाठी बाबांना तीनदा विचारलं होतं. हे मी लिहिलं होतं, आणि थोडं फुलवून लिहिलं होतं. 'पाण्याचा राखणदार' असे शब्द होते.

ताई हसली. "राखणदार? अरे, गावात पहिली चार डिझेल इंजिनं बसली, त्यातलं एक आपलं होतं. तू तेव्हा एवढासा होतास, तुला आठवायचं नाही. रहाट बंद झाला त्या दिवशी बाबांनी रेड्याला गूळ खायला घातला आणि चार दिवसांत विकून टाकला."

"रहाट कुणाला परवडणार होता?"

"तेच म्हणते. कुणालाच नाही. पण रहाट दिवसभर फिरून जेवढं पाणी काढायचा तेवढं इंजिन तासाभरात ओढायचं. विहिरीला झरायला वेळच मिळेना. सगळ्यांनीच इंजिनं लावली, पाणी खाली गेलं आणि खारं पाणी वर आलं. पानवेल पहिल्यांदा गेली. पानवेल फार नाजूक, तिला मचूळ पाणी चालत नाही. बाबा रोज सकाळी विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे आणि थुंकायचे. आम्हाला वाटायचं चूळ भरतायत."

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मला बाबा आठवतात ते नंतरचे. टँकर विहिरींतलं पाणी उपसून शहराकडं न्यायला लागले, सिडकोचा आराखडा आला, हरित वसईची चळवळ उभी राहिली, त्या दिवसांतले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो व्यासपीठावर आणि बाबा खाली हजारोंच्या गर्दीत, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मी लेखात लिहिलं होतं की बाबांना श्रद्धेनं पर्यावरण शिकवलं. वाक्य मला आवडलं होतं.

"श्रद्धेनं नाही, चुकीनं शिकवलं," ताई म्हणाली. "मोर्च्याहून आल्यावर आईला म्हणाले होते, टँकरवाल्याला काय बोलू, मीही तेच केलंय, माझं नळकांडं फक्त लहान होतं. हे लिही."

"चर्चच्या पत्रिकेत?"

"तिथंच लिहायचं. चूक कबूल करायला आणखी कुठली जागा असते?"

इथं मी थोडा अडलो. आमच्या दोघांत एक उलटी गंमत आहे. मी पुण्याला नोकरी केली, नाताळ सोडला तर चर्चची पायरी क्वचित चढलो. ताई आजही सकाळची मिस्सा चुकवत नाही, संध्याकाळी घरात जपमाळ होतेच. तरी बाबांना देव्हाऱ्यात बसवायची घाई मला आहे, तिला नाही. मला वाटतं, दुरून माणूस सगुण मूर्तीसारखा दिसतो. जवळ राहणाऱ्याला त्याचा खोकलाही ऐकू येतो.

"बरं, चर्चचं वाचतो," मी म्हणालो. "त्यात तरी तुला काढायला काही सापडणार नाही."

मी वाचलं: पहाटे साडेतीनला उठणं, वाडीला पाणी, सहाच्या मिस्सेला हजर. लहानपणी लॅटिन मिस्सेत सेवक होते, सगळी उत्तरं तोंडपाठ. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ झाली आणि मग मिस्सा मराठीत आली. बाबा तेव्हा पंचविशी ओलांडलेले. पहिल्या मराठी मिस्सेहून घरी येऊन म्हणाले होते, आता देवालाही आपलं कळायला लागलं.

"हे बरोबर आहे. पण त्यांनी म्हटलं ते वेगळं होतं. म्हणाले, इतकी वर्षं मी काय बोलत होतो ते आज मला कळलं, आणि बरंचसं मला मान्य नाही." ताई झावळी मोडता मोडता थांबली. "आणि सहाच्या मिस्सेला हजर म्हणजे काय, दारात उभे असायचे. पायाला चिखल असायचा म्हणून आत बाकावर बसायचे नाहीत. फादर सांगून दमले. मी लहानपणी समजायचे, दारात उभं राहणं हे पण चर्चमधलं एखादं पद असेल."

आम्ही दोघं हसलो. हसताना मला जाणवलं की माझ्या दोन पानांत हसू कुठंच नव्हतं.

"पुढं?"

"पुढं केळीचं. वाडीतला पहिला लोंगर दर वर्षी अर्पणाला. नंतर वेदीसाठी फुलं, झावळ्यांच्या रविवारी माडाच्या झावळ्या, व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला दर महिन्याला भाजी."

"लोंगर चर्चपर्यंत कोण न्यायचं?"

"बाबा."

"मी. राजेळीचा लोंगर माझ्या डोक्यावर, बाबा पुढं हात मागं बांधून. चर्चच्या दारात ते तो माझ्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे आणि आत जायचे. तेवढी दहा पावलं गावानं पाहिलीत, तूही तेवढीच पाहिलीस."

मी गप्प.

"मला राग नव्हता त्याचा. बापानं अर्पण न्यावं, ठीक आहे. पण सातवीनंतर माझी शाळा सुटली ती का? पहाटेची गाडी पकडायची होती म्हणून. आईच्या गुडघ्यांनी उचल खाल्ली, मग भाजीच्या पाट्या मी उचलल्या. नालासोपाऱ्याहून लोकल, दादरच्या फलाटावर उतरायचं, पुलावरून बाहेर. अळू, मुळा, तोंडली, शिराळी, मोसमात सुकेळी. त्या पैशांतून घर चाललं आणि तुझा डिप्लोमाही झाला. तू लिहिलंयस, 'बाबांनी पोटाला चिमटा घेऊन आम्हाला शिकवलं.' कुणाला शिकवलं? आम्हाला म्हणजे कुणाला?"

सुकेळी हा आमच्याकडचा खास जिन्नस. पिकलेली राजेळी सोलून उन्हात वाळवायची, रात्री झाकायची, आठवडाभर हेच, मग वाळल्या केळपानात बांधायची. खाणाऱ्याला मधासारखी गोड लागते. वाळवणारीच्या बोटांना ती किती चिकटते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी तरी वकिली सोडली नाही. "त्या काळात सगळ्यांच्याच घरी तसं होतं, ताई. एकट्या बाबांना तो हिशोब कसा लावायचा? त्यांच्यापाशी होतं काय? दोन एकर. मुलीला शिकवणं हे तेव्हा गावात कुणाच्या डोक्यातही नव्हतं."

"कुणाच्या डोक्यात नव्हतं हे खोटं. सिस्टर घरी आल्या होत्या. दोनदा. म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, फी आम्ही बघू. बाबांनी त्यांना चहा पाजला, चार फण्या केळी दिली आणि पाठवलं. आयुष्यभर चर्चला नाही म्हणाले नाहीत असं तू लिहिलंयस ना? त्या दिवशी म्हणाले होते."

हे ऐकून माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून मी जे करतो तेच केलं, विषय थोडा वर नेला. म्हणालो, वसईच्या या सगळ्या माणसांचाच इतिहास असा आहे. १५३४ च्या तहानं हा मुलूख पोर्तुगीजांकडं गेला, १७३९ ला चिमाजी आप्पांनी घेतला. मधल्या दोनशे वर्षांत धर्म बदलला, पण वाडी, जात, नातं, बोली, लग्नातली गाणी राहिली. धर्म नवा आणि घर जुनं. म्हणजे चर्चमध्ये समतेचं प्रवचन ऐकायचं आणि घरी येऊन आजोबांच्या रीतीनं वागायचं. हा दोष बाबांचा नाही, चार-पाचशे वर्षांचा आहे.

ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चारशे वर्षांना मी विचारू शकत नाही. बाबांना विचारू शकत होते. आणि विचारलंही."

"कधी?"

"आई गेल्यावर. डोळे कमी झाले होते त्यांचे, 'सुवार्ता' मासिक मी वाचून दाखवायचे. दिब्रिटोंचं काही असलं की दोनदा वाचायला लावायचे. फादर २०२४ च्या जुलैमध्ये गेले, तेव्हा काठी टेकत जायला निघाले होते, आठवतं? तर असंच एकदा वाचून झालं आणि मी म्हटलं, बाबा, मला शाळेतून का काढलंत? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, बाय, तू मला फार उपयोगाची होतीस."

तिनं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला आधी ते क्रूर वाटलं. थोड्या वेळानं वाटलं, एवढं खरं उत्तर मी तरी कुणाला दिलं नसतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? चहा ठेवला."

ओटीसमोर तिची चाफ्याची झाडं आहेत. सोनचाफा. पहाटे कळ्या तोडून बांधून पाठवायच्या. कलम कसं बांधायचं ते तिला बाबांनीच शिकवलं. मला नाही, दादालाही नाही. मी तो मुद्दा लगेच उचलला. म्हटलं, बघ, हात तर तुझ्याच हातात दिला ना त्यांनी?

"हो, दिला. मी कुठं नाही म्हणते? तू ऐकतोयस असं की मी त्यांच्याविरुद्ध साक्ष देतेय. अरे, माझ्याइतकं त्यांना कुणी ओळखलं नाही. पाय धुतल्याची गोष्ट तुला कुणी सांगितली का?"

सांगितली नव्हती.

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांचे धुतले म्हणून. नियमानं ते बारा पुरुषच असायचे. २०१६ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला, स्त्रियांनाही बसवता येईल असं केलं. बाबा कित्येक वर्षं त्या बारांत होते. वर्षातून तो एकच दिवस ते दारात उभे न राहता आत, वेदीपाशी, खुर्चीवर बसत. पाय आदल्या रात्रीपासून घासून.

"त्या वर्षी फादरांनी विचारलं, बायकांपैकी कुणी बसेल का? बायका लाजल्या. बाबा म्हणाले, माझी जागा हिला द्या. फादर म्हणाले, जागा आहेत की, तुम्हीही बसा. तर म्हणाले, नाही, माझीच द्या. हिचे पाय दादरच्या फलाटावर झिजलेत. सगळ्यांसमोर म्हणाले. आणि स्वतः जाऊन दारात उभे राहिले." ताईनं पदरानं तोंड पुसलं. "फादरांनी पाणी घातलं तेव्हा मी त्यांच्याकडं बघितलंच नाही. मी दाराकडं बघत होते."

मी वही पुढं ओढली. म्हणालो, "बस्स. हाच लेख. बाबांनी तुझं देणं फेडलं, गावासमोर फेडलं. यापुढं काय लिहायचं?"

"पाय धुतले," ताई म्हणाली. "सातबारा नाही." आणि माझ्या पिशवीकडं बघितलं.

तिला माहीत होतं. दादानं निघताना दिलेले कागद पिशवीत होते. हक्कसोडपत्र. ताई आणि नाशिकची धाकटी, दोघींनी सही करायची, म्हणजे दोन एकर दादाच्या आणि माझ्या नावावर. गावात हे इतकं नेहमीचं आहे की कुणी त्याला अन्याय म्हणत नाही. बहिणी सही करतात, भाऊ साडी देतात, बाजूला पेढ्यांचा पुडा असतो.

मी जे म्हणायचं ते म्हटलं. वाडी तुकड्यांत राहत नाही. दोन एकर म्हणजे ८० गुंठे, चार वाटे केले तर प्रत्येकी २० गुंठे. विहीर एक, बावखल एक. २० गुंठ्यांवर कुणी शेती करत नाही, २० गुंठे विकले जातात. बाबांनी आयुष्यभर बिल्डरला दारातून परत पाठवलं ते काय वाटे पाडून विकायला? महापालिका २००९ ला आली तेव्हा गावं बाहेर ठेवायला लोक रस्त्यावर उतरले, बाबाही उतरले, ते कशासाठी? ही शेती एका हातात राहावी, एवढंच.

"दोन हातांत," ताई म्हणाली. "तुझा आणि त्याचा. त्यातला एक हात पुण्यात आहे आणि त्याला अळू आणि सुरणाचं पान ओळखता येत नाही."

"मी विकणार नाहीये."

"मी तरी कुठं विकणार आहे? विहिरीचे तुकडे करा असं मी म्हटलं का? वाडी दादाच कसू दे, मी अडवत नाही. नाव लावा म्हणते. आपल्या ख्रिस्ती लोकांचा वारसा कायदा १९२५ चा. मुलगा आणि मुलगी, वाटा सारखा. बाबांच्या जन्माआधीपासून तो कायदा आहे. म्हणजे मी जन्मले तेव्हापासून वारस होते, फक्त गावात कुणी सांगितलं नाही. प्रवचनातही नाही. पाय धुण्याचा नियम बदलायला पोप लागले. यासाठी पोपसुद्धा नको, तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, त्यात चार नावं लिहायची."

"बाबांची इच्छा वेगळी होती असं दादा म्हणतो."

"बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. का केलं नाही? वकील तर ओळखीचा होता. जमिनीची इच्छा मनात असलेला माणूस कागद केल्याशिवाय मरत नाही, एवढं मला त्यांच्याबद्दल कळतं. ते दारातच उभे राहिले, रे. आतही गेले नाहीत, बाहेरही पडले नाहीत. ते आपल्यावर सोडून गेले."

मला हे पटलं की नाही, हे मी तेव्हा ठरवलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही. कदाचित त्यांनी नुसती टाळाटाळ केली असेल, ८८ व्या वर्षी माणूस टाळाटाळ करतो. ताई त्यात जे वाचते ते तिच्या प्रेमानं वाचते, आणि मी जे संतपण वाचत होतो ते माझ्या सोयीनं. एवढा फरक मात्र त्या ओटीवर कळला.

अंधार पडत आला होता. सातची घंटा झाली तशी ताई उठली, कपाळ-छाती-खांदे असा क्रूस केला, ओठांतल्या ओठांत त्रिकाळ प्रार्थना म्हटली. मीही उभा राहिलो, शब्द अर्धे आठवले. मग तिनं झावळ्यांचा भारा बांधला आणि डोक्यावर घ्यायला वाकली.

"दे इकडं," मी म्हटलं.

"चर्चच्या दारापर्यंत घे," ती म्हणाली. "आत मी नेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी राख लावताना रांगेत ती माझ्या पुढं होती. ती राख आमच्याच वाडीतल्या माडांची होती. गेल्या वर्षीच्या झावळ्या बाबांनी दिलेल्या, ताईनं वाहून नेलेल्या.

लेख मी पुन्हा लिहिला. त्यात इंजिन आहे, सिस्टरांना पाजलेला चहा आहे, दारातला चिखल आहे. 'प्रेमळ, धर्मपरायण' हे शब्द गेले. संपादक फादरांनी वाचून एकच प्रश्न विचारला, शाळेचं ठेवायचं का? ताईला फोन लावून दिला. तिनं सांगितलं, ठेवा.

वारस नोंदीचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात दिला. त्यावर चार नावं आहेत, ताईचं पहिलं. दादानं सही केली आणि तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, बावखलातला गाळ मे महिन्यात काढायचाय, खर्चाचे चार वाटे करायचे का म्हणून.